सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि ख्रिस्ती विचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मविषयक हक्कांची जी मोजणी केली आहे, तिची सुरुवात एका जडभारी शब्दाने होते : सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य. धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क त्यानंतर येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रत आत्महत्येच्या पंक्तीला बसवले, तेव्हा देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या दिवसांत हा अनुच्छेद घरोघरी, पेढीपेढीवर वाचला गेला. परंतु हा शब्द आला कोठून, त्याच्यासाठी कोणी काय मोजले, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. त्याची एक मोठी शाखा ख्रिस्ती विचारातून आली आहे, आणि ती सरळ रेषेत आलेली नाही. ज्या धर्मपरंपरेने हा विचार मांडला, त्याच परंपरेने त्याच्यासाठी माणसे जाळली. त्या इतिहासातील एका शिक्षकाची कथा आज प्रामुख्याने सांगावयाची आहे.

श्रोतेहो, या विषयाची सुरुवात स्वयंपाकघरात होते, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. नव्या करारात संत पौलाची पत्रे आहेत. करिंथ आणि रोम येथील आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये भोजनावरून वाद पेटला होता. बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा देवळात मूर्तीपुढे अर्पण केलेले असे. ते खावे की न खावे? काहींना त्यात काही वावगे दिसत नव्हते. काही जण त्या धास्तीने केवळ भाजीपाल्यावर राहत. पौलाने भाजी खाणाऱ्याला श्रद्धेने दुबळा म्हटले आहे, ही गोष्ट या सभागृहात सांगताना थोडे हसू येणे साहजिक आहे. पण पुढे तो जे म्हणतो ते महत्त्वाचे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. ज्याला जे अयोग्य वाटते ते त्याने केले तर त्याच्यासाठी ते पापच होय. आणि आपल्या खाण्याने भावाच्या मनाला ठेच लागणार असेल तर मांस कायमचे सोडलेले बरे, अशी त्याची भूमिका आहे. येथे त्याने जो ग्रीक शब्द वापरला त्याचा अर्थ ‘सोबतचे जाणणे’ असा होतो. माणूस काही करतो तेव्हा त्याच्या आत बसलेला दुसरा कोणी तरी ते जाणत असतो. पुढे या शब्दाचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्यापासून युरोपीय भाषांतील विवेकवाचक शब्द आला.

पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक रोमन साम्राज्यात छळ सोसणारे होते. साहजिकच त्यांचे विचारवंत स्वातंत्र्याचे कैवारी होते. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा टर्टुलियन याने इसवी सन २१२ च्या सुमारास रोमन अधिकारी स्कापुला याला लिहिले, की ज्याला जे पटेल त्याची उपासना करणे हा माणसाचा निसर्गसिद्ध अधिकार आहे आणि धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. परंतु ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० साली सम्राट थिओडोसियसने तो साम्राज्याचा धर्म ठरवला. मग दिवस पालटले. साधारण ३८५ साली प्रिसिलियन नावाच्या धर्मगुरूचा ट्रिअर शहरात शिरच्छेद झाला. ख्रिस्ती सत्तेने मतभेदाच्या प्रकरणात घेतलेला हा पहिला बळी मानला जातो. तूर्सचा बिशप मार्टिन याने त्यास कडाडून विरोध केला होता, ही नोंदही तेवढीच खरी.

संत ऑगस्टिनसारखा थोर पुरुषही या वळणावर बदलला. प्रथम तो म्हणत असे, की मतपरिवर्तन केवळ समजावणीनेच व्हावे. पुढे आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाशी झगडा वाढला, सरकारी कायद्याच्या धाकाने लोक परत येताना त्याने पाहिले आणि त्याचे मत फिरले. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची एक गोष्ट आहे. यजमान नोकराला सांगतो, रस्त्यावरच्या लोकांना आग्रह करून आत आण. त्या आग्रहाचा अर्थ ऑगस्टिनने सक्ती असा लावला. जेवणाच्या आमंत्रणातून कैदखाना निघाला, आणि तो अर्थ पुढे हजार वर्षे युरोपभर चालला.

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसच्या ग्रंथात तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आढळतात. माणसाचा विवेक चुकत असला तरी त्याच्या विरुद्ध वागणे पापच आहे, इतके धाडसी विधान तो करतो. आणि त्याच ग्रंथात तो लिहितो, की खोटे नाणे पाडणाऱ्याला राजा देहदंड देतो, तर श्रद्धा भ्रष्ट करणाऱ्याला का देऊ नये? ही नाण्याची उपमा लक्षात ठेवावी. तीनशे वर्षांनी एका गरीब माणसाने तिला उत्तर दिले आहे.

१५२१ साली वर्म्सच्या दरबारात मार्टिन ल्यूथर सम्राटासमोर उभा राहिला आणि विवेकाविरुद्ध वागणे आपल्याला शक्य नाही, असे सांगून त्याने माघार नाकारली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. दहा-पंधरा वर्षांत त्याच ल्यूथरने बाप्तिस्म्याविषयी वेगळे मत असणाऱ्यांना राजसत्तेने शिक्षा करावी, याला संमती दिली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

आता मूळ कथेकडे वळू. मायकेल सर्व्हेटस हा स्पेनमधील आरागोन प्रांतातला. विद्वान, वैद्यकात निष्णात आणि वादविवादात अत्यंत तापट. १५३१ साली, विशी-बाविशीच्या वयात, त्याने त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या एकत्वाच्या, प्रचलित सिद्धांताविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यानंतर नाव बदलून तो फ्रान्समध्ये राहिला आणि व्हिएन या गावी तेथील आर्चबिशपचा वैद्य झाला. त्याचा मोठा ग्रंथ १५५३ च्या आरंभी गुप्तपणे छापला गेला. हृदयातून रक्त फुप्फुसात जाऊन शुद्ध होऊन परत येते, याचे युरोपातील पहिले छापील वर्णन त्या धर्मग्रंथात आहे.

जिनिव्हा शहरात त्या काळी जॉन कॅल्व्हिनचा प्रभाव होता. सर्व्हेटसने त्याच्याशी पत्रव्यवहार करून त्याला भरपूर डिवचले होते. १५४६ मध्येच कॅल्व्हिनने आपल्या एका सहकाऱ्याला लिहून ठेवले होते, की हा मनुष्य येथे आला आणि आपले काही चालत असेल तर तो जिवंत परत जाणार नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की व्हिएनच्या कॅथलिक न्यायाधिकरणाला सर्व्हेटसविरुद्धचा पुरावा जिनिव्हातूनच पोहोचला. कॅल्व्हिनजवळची त्याच्या हस्ताक्षरातील पत्रे एका मध्यस्थामार्फत तिकडे गेली. ज्या न्यायाधिकरणाने कॅल्व्हिनच्या अनुयायांना जाळले, त्याच्याच हाती त्याने आपला विरोधक सोपवला. सर्व्हेटस व्हिएनच्या तुरुंगातून निसटला. तेथे त्याच्या पुतळ्याला जाळून शिक्षा अमलात आणली गेली. आणि मग कोणत्या बुद्धीने कोण जाणे, तो जिनिव्हात आला, प्रार्थनेस गेला, ओळखला गेला आणि १३ ऑगस्ट १५५३ रोजी पकडला गेला.

जिनिव्हाच्या कायद्याप्रमाणे फिर्याद करणाऱ्यालाही आरोपीबरोबर कैदेत राहावे लागे. म्हणून फिर्यादी झाला तो कॅल्व्हिनचा लेखनिक. खटला अडीच महिने चालला. १५ सप्टेंबरला कैद्याने नगरपरिषदेला अर्ज लिहिला : उवांनी जीव नकोसा केला आहे, विजार फाटली आहे, बदलायला सदराही नाही. १० ऑक्टोबरला पुन्हा अर्ज. तक्रार तीच, शिवाय थंडी. त्रैक्यावर पानेच्या पाने युक्तिवाद लिहून घेणाऱ्या त्या शहराला एक सदरा देता आला नाही. कापडाच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना या ओळी वाचून विशेष वाईट वाटेल. त्या काळी विणकरांची, शिंप्यांची कमी त्या मुलुखात खासच नव्हती.

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी शहराबाहेर शांपेलच्या टेकडीवर त्याला त्याच्या ग्रंथासह जिवंत जाळण्यात आले. कॅल्व्हिनने जाळण्याऐवजी तलवारीने शिक्षा द्यावी अशी सूचना केली होती. ती मानली गेली नाही. मरताना सर्व्हेटसने येशूला साद घातली ती सनातन देवाचा पुत्र म्हणून. देवाचा सनातन पुत्र, असे तो म्हणाला नाही. ‘सनातन’ हे विशेषण एक शब्द इकडचे तिकडे केले असते तर सोबतच्या धर्मोपदेशकाचे समाधान झाले असते. आगीसमोरही त्याने ते विशेषण हलवले नाही, कारण ते त्याच्या मते खोटे ठरले असते.

येथे कॅल्व्हिनला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. बर्न, झुरिक, बाझेल आणि शाफहाउझेन येथील मंडळ्यांचे मत विचारले गेले आणि सर्वांनी सर्व्हेटसला दोषी मानले. मेलांख्थॉनसारख्या सौम्य विद्वानानेही नंतर या कृत्याला पसंती दिली. कॅल्व्हिनचा युक्तिवादही पोकळ नव्हता. विष विकणाऱ्याला शिक्षा होते, कारण तो देहाचा घात करतो. मग आत्म्याचा अनंतकाळचा घात करणाऱ्याला मोकळे सोडणे ही कसली दया? ज्याला आपल्या सिद्धांताची पूर्ण खात्री आहे आणि ज्याला लोकांची काळजी आहे, त्याला हा विचार पटण्यासारखाच आहे. म्हणूनच तो घातक होता.

या युक्तिवादाला उत्तर देण्यास जो पुढे आला, त्याच्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, मोठा शिष्यवर्गही नव्हता. सेबॅस्टियन कॅस्टेलिओ याचा जन्म १५१५ चा, सॅव्हॉय प्रांतातील एका खेड्यातला. लियोंमध्ये तो शिकला, पुढे स्ट्रासबुर्गला कॅल्व्हिनच्याच घरी काही दिवस राहिला आणि १५४१ साली जिनिव्हाच्या शाळेचा प्रमुख झाला. मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी त्याने बायबलातील कथांचे संवाद लिहिले. ते पाठ्यपुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १५४३ च्या प्लेगात रुग्णालयात जाण्यास अनेक धर्मोपदेशक कचरत होते, तेव्हा हा शिक्षक स्वतःहून तयार झाला. पण बायबलातील गीतरत्न हे लौकिक प्रेमाचे काव्य आहे, असे त्याचे मत होते. तेवढ्यावरून त्याला धर्मोपदेशक होऊ दिले नाही. जाताना त्याला दाखला मिळाला, की याच्या आचरणात काही दोष नाही, केवळ मतभेद आहे. दाखला देणारा होता कॅल्व्हिन.

बाझेल शहरात योहान्नेस ओपोरिनस या मुद्रकाकडे तो मुद्रितशोधक म्हणून लागला. मोठे कुटुंब, तुटपुंजी मजुरी, आणि रात्री बायबलच्या भाषांतराचे काम. ऱ्हाईन नदीला पूर आला की लाकडे वाहत येत. हा विद्वान गळ घेऊन काठावर उभा राही आणि सरपण गोळा करी. पुढे वादाच्या भरात कॅल्व्हिनने त्याला लाकूडचोर म्हटले. त्यावर त्याने शांतपणे उत्तर दिले, की ते लाकूड बेवारस होते, ते काढण्याची सर्वांना मुभा होती आणि ते दिवसाढवळ्या, गावच्या लोकांसोबत काढले होते. गरिबीची लाज त्याला वाटली नाही. १५५१ साली त्याचे लॅटिन बायबल प्रसिद्ध झाले आणि १५५३ मध्ये, सर्व्हेटसच्या मृत्यूच्याच वर्षी, तो बाझेलच्या विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला. दिवस नुकतेच बरे आले होते. गप्प बसण्यास याहून चांगले कारण कोणते?

मार्च १५५४ मध्ये एक लॅटिन पुस्तक निघाले. विषय : पाखंड्यांचा छळ करावा काय? लेखकाचे नाव मार्टिनस बेलियस, छपाईचे ठिकाण मॅग्डेबुर्ग; दोन्ही खोटी. पुस्तक बाझेलचेच होते आणि बेलियस म्हणजे कॅस्टेलिओ. त्याने जुन्या-नव्या लेखकांचे सहिष्णुतेचे उतारे एकत्र केले होते : ऑगस्टिन, जेरोम, इरॅस्मस, ल्यूथर, आणि खुद्द कॅल्व्हिनदेखील. जो तो सत्तेत येण्यापूर्वी काय म्हणत होता, हे त्याने फक्त एका ठिकाणी मांडून दाखवले.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत, व्युर्टेम्बेर्गचा ड्यूक क्रिस्टोफ याला उद्देशून, त्याने एक दृष्टांत दिला आहे. समजा, एखाद्या राजाने प्रजेला सांगितले, की अमुक दिवशी असे नाही, पण केव्हा तरी भेटीस येईन. तोवर प्रत्येकाने पांढरे शुभ्र वस्त्र तयार करून ठेवावे. राजा परतून पाहतो तो काय, वस्त्र कोणी केलेलेच नाही. लोक भांडत बसले आहेत : राजा आता कोठे आहे, घोड्यावरून येईल की रथातून, लवाजम्यासह येईल की एकटा. भांडण जिभेवरून हातघाईवर आले, आणि वस्त्र आहे ते रक्ताने माखले आहे. तेही राजाच्याच नावाने. अशा प्रजेला राजा काय म्हणेल? शुभ्र वस्त्र म्हणजे शुद्ध आचरण. पांढरा माल सांभाळणे किती कठीण असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ठाणावर एक डाग पडला तरी गिऱ्हाईक परत जाते. कॅस्टेलिओचे म्हणणे एवढेच, की राजाच्या वाहनाविषयी ज्यांचे एकमत नाही त्या सर्वांचे वस्त्राविषयी एकमत आहे. चोरी, व्यभिचार, विश्वासघात वाईट, हे ख्रिस्ती, ज्यू आणि तुर्क तिघेही मानतात. त्यावर कोणी ग्रंथ लिहून वाद घालत नाही. वाद होतो तो अस्पष्ट गोष्टींवर, आणि वाद होतो हाच त्या अस्पष्ट असल्याचा पुरावा. विष हे विष आहे याची परीक्षा सर्वांना मान्य असते. त्रैक्याच्या उकलीची तशी परीक्षा कोणाजवळ आहे? कॅल्व्हिनच्या विषाच्या उपमेतील नेमकी फट त्याने अशी दाखवली.

मग पाखंडी म्हणजे कोण? बरीच शोधाशोध केल्यावर त्याला आढळले, की ज्याचे मत आपल्याशी जुळत नाही त्यालाच हा शब्द लावला जातो. आपल्याकडे, निदान श्वेतांबर परंपरेत, अशा मतभेद करणाऱ्यांना निह्नव म्हणतात. त्यांपैकी पहिला जमालि. अंथरूण घातले की घातले जात आहे, एवढ्या शब्दावरून तो भगवान महावीरांपासून वेगळा झाला. त्याला संघाबाहेर मानले गेले, परंतु त्याच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. कॅस्टेलिओलाही नेमके एवढेच हवे होते. मंडळीने हट्टी माणसाला आपल्या संगतीतून वगळावे, त्याला त्याची हरकत नव्हती. राजाची तलवार त्यात येऊ नये, हे त्याचे मागणे.

नाण्याची उपमा त्याने कशी फिरवली, तेही पाहण्याजोगे आहे. एका गावात जो खरा भक्त तो शेजारच्या गावात पाखंडी. म्हणजे प्रवाशाला गावागणिक नाणे बदलावे तशी श्रद्धा बदलावी लागणार. नाणे सोन्याचे असेल तर मात्र त्याच्यावर कोणाचाही छाप असो, ते सर्वत्र चालते. अक्वायनसने छापाकडे पाहिले, कॅस्टेलिओने धातूकडे.

कॅल्व्हिनने स्वतःच्या समर्थनार्थ जे पुस्तक काढले, त्याला कॅस्टेलिओने मुद्देसूद उत्तर लिहिले. त्यात त्याचा सर्वांत मर्मभेदी विचार आहे. माणसाला मारल्याने कोणत्याही सिद्धांताचे रक्षण झाले नाही. झाली ती केवळ एका माणसाची हत्या. सर्व्हेटस पुस्तके आणि युक्तिवाद घेऊन लढत होता, तर त्याला पुस्तकांनी आणि युक्तिवादांनीच उत्तर द्यावयास हवे होते. आणि तो मेला कशामुळे? मनात एक ठेवून तोंडाने दुसरे बोलण्यास तो तयार झाला असता, तर वाचला असता. म्हणजे शिक्षा खोटे बोलण्याची नव्हती, खोटे न बोलण्याची होती. जबरदस्तीने कबुली घेणारा श्रद्धावंत निर्माण करीत नाही. तो ढोंगी निर्माण करतो, आणि मग स्वतःच्या मंडळीत ढोंग्यांची भरती झाली म्हणून रडतो. हे उत्तर त्या वेळी छापले जाऊ शकले नाही. ते १६१२ साली, हॉलंडमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास वर्षांनी प्रसिद्ध झाले.

१५६२ मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे यादवी युद्ध सुरू झाले. कॅस्टेलिओने उद्ध्वस्त फ्रान्सला सल्ला देणारे एक छोटे पुस्तक निनावी काढले. वैद्याप्रमाणे त्याने निदान केले : रोगाचे मूळ विवेकावरील सक्तीत आहे, आणि दोन्ही पक्ष त्याच दुखण्याचे औषध म्हणून आणखी सक्ती पाजत आहेत. दोघांनाही त्याने विचारले, तुमच्यावर कोणी अशी सक्ती केलेली तुम्हाला चालेल काय? पुस्तक कोणालाच आवडले नाही. पुढच्याच वर्षी फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या धर्मसभेने त्याचा निषेध केला. बाझेलमध्येही त्याच्यावर पाखंडाचा आरोप दाखल झाला. निकाल लागण्यापूर्वी, २९ डिसेंबर १५६३ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. आणखी जगता तर त्याची गत काय झाली असती, हे सांगवत नाही.

याच दशकात आपल्या शेजारी काय चालले होते, हेही सांगितले पाहिजे. १५६० साली गोव्यात पोर्तुगिजांनी धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन केले. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. ऱ्हाईनकाठचा तो विचार मांडवीच्या काठी पोहोचण्यास फार उशीर लागला.

कॅस्टेलिओचे बीज रुजले ते प्रथम हॉलंडमध्ये. अमेरिकेत रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला १६३५ साली मॅसॅच्युसेट्समधून हद्दपारीची शिक्षा झाली. त्याने पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापन केली आणि १६४४ च्या ग्रंथात ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक अशा सर्वांच्या विवेकाला मोकळीक मागितली. हे सर्व चुकतात, असेच त्याचे मत होते, तरीही मागितली. त्यामानाने जॉन लॉकचे १६८९ चे प्रसिद्ध पत्र कमी उदार आहे. ईश्वर न मानणाऱ्यांना सवलत देता कामा नये, कारण त्यांची शपथ विश्वासार्ह नसते, असे लॉक म्हणतो. सृष्टीचा कर्ता न मानणारा, पण शब्दाला जागणारा जैन व्यापारी त्याला भेटला असता तर त्याने त्याला कोणत्या खात्यात टाकले असते, हा प्रश्न मनोरंजक आहे.

कॅथलिक चर्चला अधिक काळ लागला. १८३२ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी विवेकस्वातंत्र्याच्या कल्पनेला वेडेपणा ठरवले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्याचे घोषणापत्र २३०८ विरुद्ध ७० मतांनी स्वीकारले. कोणाही माणसावर धर्माच्या बाबतीत त्याच्या विवेकाविरुद्ध सक्ती होता कामा नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असे त्यात म्हटले आहे. चुकणाऱ्यालाही तो आहे. टर्टुलियनपासून तेथे परत येण्यास साडेसतराशे वर्षे लागली.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी एका स्त्रीने पाहिली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या, त्यांची अपेक्षा होती की आता चर्च सांगेल ते निमूटपणे मानावे. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता आणि त्यांनी ते लपवले नाही. १८८५ च्या पत्रात त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसरे घालून घेण्याची तयारी नाही. सर्व्हेटसचाच प्रश्न, तीनशे वर्षांनंतर, एका मराठी स्त्रीच्या लेखणीतून! या वेळी आग नव्हती, फक्त नाराजीची पत्रे होती. जग तेवढे तरी पुढे गेले होते. दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. १८९३ मध्ये पुण्याच्या शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आश्रयाला आलेल्या मुलीचे मन किती मोकळे असते, हा त्यांचा प्रश्न आजही खोटा म्हणता येणार नाही. ज्याच्या हाती अन्न आणि छप्पर आहे, त्याच्या सौम्य शब्दालाही वजन असते.

आणि हे वजन केवळ राजाच्या किंवा मिशनच्याच हाती असते असे नाही; ते जातीच्या, पंथाच्या आणि संघाच्याही हाती असते. कॅस्टेलिओने मंडळीला वगळण्याचा अधिकार ठेवला, तेव्हा वगळलेल्याची रोजीरोटी, सोयरीक आणि स्मशान यांचे काय, हा विचार त्याने पुरता केलेला दिसत नाही. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मव्यवस्थेचा भाग मानला गेला. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. संघाचे स्वातंत्र्य आणि संघातील एका माणसाचे स्वातंत्र्य यांची सीमा कोठे आखावी, हे अजून ठरावयाचे आहे. तिथीचा वाद असो, पूजाविधीचा असो की तरुण मुला-मुलींच्या विवाहाचा, प्रत्येक समाजाच्या विश्वस्तांपुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा कागदावर येतो.

शांपेलच्या टेकडीजवळ १९०३ साली कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी एक शिळा उभारली. कॅल्व्हिनविषयीचा आदर राखून, त्याच्या शतकाच्या चुकीचा धिक्कार करीत आहोत, असा तिचा आशय आहे. सर्व्हेटसचा पुतळा मात्र जिनिव्हाने तेव्हा स्वीकारला नाही. फाटक्या कपड्यांतील त्या कैद्याचा पुतळा १९०८ मध्ये सीमेपलीकडे, फ्रान्समधील आनमास गावात बसवला गेला. १९४१ साली तत्कालीन सरकारने तो उखडून वितळवला. १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. जिनिव्हाने त्याची प्रतिकृती आपल्या भूमीवर बसवली ती २०११ साली. कॅस्टेलिओचा शेवटचा, अपुरा राहिलेला ग्रंथ शंका घेण्याच्या कलेविषयी होता. कशाविषयी शंका घ्यावी, कशावर श्रद्धा ठेवावी, हे तो त्यात तपासत होता. त्याचे हस्तलिखित हॉलंडमधील रॉटरडॅमच्या ग्रंथसंग्रहात राहिले आणि संपूर्ण स्वरूपात ते १९८१ साली छापून निघाले.